पाण्याची नोंद

सासऱ्यांनी जन्मभर चिनी भाषा शिकवली आणि निवृत्तीनंतर चिनी शब्दकोश लिहायला घेतला. ते लिहायचे हाताने, कागदावर. संगणकात घालायचं काम सुनेचं. तिला चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षराला अक्षर जुळवण्यात ती पटाईत होती, आणि तसं चारचौघांत सांगायलाही लाजत नसे.

चिनी टाइप करायचं म्हणजे आधी उच्चार टाकायचा, मग समोर आलेल्या ढीगभर अक्षरांतून हवं ते निवडायचं. सुनेला त्याचा कंटाळा. त्यात तिला संगणकात एक तक्ता गवसला. पाणी, आग, डोंगर, घोडा, अशी ज्यांच्यापासून बाकीची अक्षरं बनतात ती मूळ अंगं त्यात ओळीने मांडलेली होती. आयतं वाढलेलं ताटच की! तिने ती सगळी तिथून उचलली आणि कोशात डकवली. दोघांनी डोळ्यांत तेल घालून तपासलं. रेघभरही फरक दिसला नाही. हाताने लिहिलेले कागदही प्रकाशकाकडे गेले.

कोश संगणकावर सगळ्यांसाठी खुला झाला त्या सकाळी सासऱ्यांनी हौसेने 'पाणी'चं चिनी अक्षर टाइप करून शोधलं. उत्तर आलं, असा शब्द नाही.

"अगं, पाणी लिहिलं होतं ना मी?"

"राहिलं असेल बाबा," भाजी चिरता चिरता ती म्हणाली. "एवढ्या शब्दांत एखादा सुटायचाच."

मग त्यांनी आग शोधली, डोंगर शोधला, घोडा शोधला. पोरं पहिल्या दिवशी शिकतात ते शब्द, आणि एकही नाही! लिहिल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं, त्यामुळे ते जास्तच घाबरले. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तो पोटच्या मुलांना ओळखेनासा झाला.

"साठी बुद्धी नाठी, बाबांची तर पंचाहत्तरी उलटली," नवरा हसला खरा, पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. बाबांनी गॅस पेटवायचा नाही, एकट्याने बाहेर पडायचं नाही, असं ठरलं. ठरवण्यात सूनच पुढे होती. सासऱ्यांनी ते सगळं पाळलं. कोशाचा दुसरा भाग त्यांनी लिहायला घेतला होता, तो मात्र अर्ध्यात सोडला.

महिने गेले आणि प्रकाशकाच्या संगणकवाल्याचा फोन आला.

"ताई, हे शब्द तुम्ही मूळ अंगांच्या तक्त्यातून उचललेत का?"

"हो. का हो?"

"अहो, दिसायला सारखं, पण संगणक अक्षराचं तोंड बघत नाही, क्रमांक बघतो. शब्द म्हणून पाण्याचा क्रमांक वेगळा, अंग म्हणून वेगळा. लोक टाइप करतात एक, तुम्ही घातलाय दुसरा. बाबांनी लिहिलेलं सगळं आहे जागच्या जागी. शोधून सापडत नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत बदलून टाकतो."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे बाईसाहेबांनी आपल्या मुलांना हजारदा ऐकवलं होतं. आता त्या स्वतःच फसल्या होत्या. संध्याकाळी सगळं गुपचूप दुरुस्त होईल, कोणाला कळणारही नाही, असं क्षणभर मनात येऊन गेलं. तसं मनात यावं याचीच तिला अधिक शरम वाटली. ती उठून सासऱ्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, तुम्ही पाणी लिहिलं होतं. आगही, घोडाही. घोळ मी घातला."

तिने सगळं सांगितलं. त्यांनी चिडावं, चार शब्द सुनावावेत, असं तिला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

"नाही बाबा. काहीच नाही विसरलात."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मग रडतेस कशाला, वेडे? चांगली बातमी आहे की!"

ते उठले, सदरा झटकून नीट केला, दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. मग चप्पल पायात न घालताच तिच्याकडे वळले.

"सूनबाई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ का मी? एकटा?"