पौर्णिमेला गिरणी बंद असते

रिनाने तो नकाशा मला पहिल्यांदा कोंड्यावर काढून दाखवला. आमची भाताची गिरणी आहे. धान भरडून झालं की जमिनीवर कोंड्याचा मऊ थर बसतो. त्या थरात तिने बोटाने रेघ ओढली. रेघ गावामागच्या बोडीच्या पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, निघाली, सरळ धावली, एकदम मुरडली, पुन्हा वळली आणि फिरत फिरत जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली.

"हा ट्रॅक, आई. फॉर्म्युला वनचा."

मला ती कारल्याच्या वेलीची गुंडाळी वाटली. मी तसं म्हटलं तर ती हसली. वाऱ्याने रेघ हळूहळू बुजली, पण मला ती पुढे कित्येक दिवस जमिनीवर दिसत राहिली. झाडताना मी तेवढा भाग सोडून झाडत असे.

नागभीडहून थोडं आत आमचं गाव. गावामागे बोडी, म्हणजे पाणी साठवायचा लहानसा तलाव, आणि बोडीपलीकडे झुडपी जंगलाची मुरमाड जमीन. तिथे काही पिकत नाही. एका कंपनीने ती जमीन शर्यतीसाठी सुचवली होती. रिना पुण्याच्या ज्या ऑफिसात आहे ते अशा जागा तपासून देतं. ती सांगायची, जगातली ही मोठी शर्यत दर वर्षी देशोदेशी फिरते, आणि कुठे थांबायचं ते ठरवायला माणसं आधी जागा पाहत हिंडतात. विमानतळ किती लांब, गाडीवाल्याला लागलं तर दवाखान्यात किती लवकर नेता येईल, ऊन किती, पाहुणे झोपतील कुठे, आवाज कुठवर जाईल.

"पोरगी पाहाले येते तसंच हाये म्हण ना," शेजारची ठमाबाई म्हणाली होती. "दात मोजत असन, चालून दाखव म्हणत असन."

देशातल्या तीन जागा शेवटपर्यंत राहिल्या, त्यात आमची एक. गाव आपलं आहे हे रिनाने ऑफिसात आधीच सांगून टाकलं होतं, तरी काम तिच्याकडेच ठेवलं. जागा ठरली तर ट्रॅक बांधून होईपर्यंत ती इकडेच राहणार होती.

"घरूनच जाईन मी, आई. तू डबा देशील."

हे ती सहज बोलली. मी मात्र त्या वाक्याला रोज संध्याकाळी दिव्यासारखं लावून बसायची. रिनाचे बाबा गेल्यापासून घरात एकच ताट मांडलं जातं. डब्याला कोणती भाजी द्यायची, मोहरीची पानं तिला अजून आवडतात का, असं काहीबाही मनात येत राही आणि धान भरडताना पोतं भरून सांडायला लागलं तरी कळत नसे.

माझे नेम फार मोठे नाहीत. पहाटे वंदना, पंचशील, संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे दिवा. पौर्णिमेला अष्टशील, दुपारनंतर अन्न नाही, आणि सूर्योदयापासून दिवस बुडेपर्यंत मौन. त्या दिवशी गिरणी बंद. रिनाच्या बाबांनी तशी पाटीच रंगवून दारावर लावली होती. आता रंग उडाला आहे, पण गावाला वाचायची गरज पडत नाही.

आवाज मोजायला माणसं येणार तो दिवस पौषातल्या पौर्णिमेला आला. विमानाच्या तिकिटांवरून तारीख ठरली होती. रिनाच्या ध्यानात आलं नाही. पुण्यात तिच्या खिडकीतून चंद्र दिसत नाही म्हणे.

त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की बोडी कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते उमगत नव्हतं. रिनाच्या माणसांनी आमच्या अंगणात, गिरणी आणि पाळीच्या मधोमध, एक तिपाई उभी केली. तिच्या टोकाला काळ्या स्पंजाची टोपी घातलेला माईक. मी वंदना आटोपून बाहेर आले तेव्हा तो धुक्यात एकटाच उभा होता, मान थोडी तिरपी करून, कुणी धम्मदेसना ऐकायला उभं राहावं तसा.

गाव गप्प होतं. आधी मला वाटलं धुक्याने आवाज दबला असेल. पण ना हापशी वाजत होती, ना ट्रॅक्टर, ना शाळेच्या वाटेवरची पोरं. रिना रस्त्यावर गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि जवळजवळ धावत परत आली. पाठोपाठ अतुल आला, आमचा पंचायत सदस्य, इस्त्रीचा सदरा घालून.

"जयभीम, बाई. पाहा, कसं चिडीचूप केलं गाव!"

मी हात जोडले.

"अतुलभाऊ, हे काय करून ठेवलं?" रिना म्हणाली.

"काय म्हणजे? काल भोंग्यावर सांगतलं ना मी. आवाजाची तपासणी हाये, कोणी गोंगाट करू नका. तंटामुक्तीच्या तपासणीले कसे राह्यलो होतो आपण? स्वच्छतेच्या वेळी? दोन्ही बक्षिसं आली का नाई?" त्याने अभिमानाने गल्लीकडे हात केला. गल्ली झाडलेली होती, सडा होता, दारोदार रांगोळ्या होत्या. "ठमाबाईनं तं कोंबडा टोपल्याखाली झाकला."

"बकऱ्याही वावरात पाठोल्या," ठमाबाई कुंपणापलीकडून कुजबुजली. "लेकाच्या बोंबलतात."

रिना पायरीवर मटकन बसली. मग तिने समजावलं. शर्यतीच्या दिवशी गावात जो आवाज होईल, तो रोजच्या आवाजापेक्षा ठरलेल्या हद्दीबाहेर वाढता कामा नये, असा नियम. रोजचा आवाज जितका, तितकी गाड्यांच्या आवाजाला जागा. गाव मुळातच मुकं निघालं तर गाड्यांना जागाच नाही.

अतुलचा चेहरा उतरला. "मंग आधी काऊन नाई सांगतलं? थांब, आत्ता डीजे आणतो. ब्रह्मपुरीवरून निघाला तं—"

"नको! त्यात गाणं ऐकू येते भाऊ. हे रेकॉर्ड होऊन राह्यलं सगळं. खोटं नाई चालत."

"मंग खरं काय हाये इथी आवाजाचं?"

तिघांनी एकदम गिरणीकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे.

अतुल गावाला जागं करायला गेला. हापशी वाजली, एक ट्रॅक्टर सुरू झाला. पण बहुतेक माणसं सकाळीच कामाला निघून गेली होती, आणि जी होती ती काय करावं न कळून दारात उभी राहिली. रिना माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"आई, मी तुले खोटं कर म्हणत नाई. गिरणी रोज चालते. हंगामात दिवसभर चालते. आज बंद आहे, हेच उलटं खोटं होऊन राह्यलं. सांजेला ही माणसं पुढच्या जागी जातात, परत नाई येणार." ती थांबली. "मले घरी यायचं आहे, आई."

मी तिच्या गालावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी किल्ली घेतली आणि गिरणीत गेले.

आत उजेड फळ्यांच्या फटींतून येत होता. त्या उजेडात कोंड्याची धूळ तरंगत होती, खाली बसायचं विसरल्यासारखी. बंद गिरणीला वास असतो, ताज्या तांदळाचा आणि पट्ट्याच्या रबराचा. मी पोत्याला टेकून बसले. डोळा लागला की नाही ते सांगता येत नाही. बोडीवरून गाड्या आल्या. चपट्या, लांबट, पाण्यावर पळणाऱ्या किड्यांसारख्या. पाण्याला त्यांचं वजनच कळत नव्हतं. आवाज अजिबात नव्हता. प्रत्येक गाडीत एक दिवा होता आणि सगळे दिवे मिळून ती कारल्याची वेल धुक्यात पुन्हा पुन्हा काढत होते. पाळीवर सगळं गाव उभं होतं, ज्याच्या त्याच्या हातात डबा. त्यात रिनाचे बाबाही होते. त्यांच्या सदऱ्याला कोंडा लागलेला. मग वळणावर एक गाडी थांबली आणि रिना उतरली, शाळेतल्या दोन वेण्या घातलेली, आणि म्हणाली, आई, भूक लागली. मी तिला हाक मारली.

त्या हाकेनेच मी दचकून जागी झाले. हाक स्वप्नातच राहिली की तोंडाबाहेर पडली? बाहेरच्या माईकला ठाऊक असेल. मी उभी होते, आणि माझा हात खटक्यावर होता.

मी हाताकडे पाहत राहिले. गिरणी रोज चालते, हे खरं. पण रिनाचा प्रश्न नसता, गावातल्या दुसऱ्या कुणी विनवलं असतं, तर या पौर्णिमेला मी खटका दाबला असता का? नसता. म्हणजे हात खरेपणासाठी तिथे गेला नव्हता. ताटासाठी गेला होता, दुसऱ्या ताटासाठी. अशा हाताने चालवलेल्या गिरणीचा आवाज माईकला रोजच्यासारखाच वाटला असता. मला नसता वाटला.

मी हात काढून घेतला. कुलूप लावलं. रिना अंगणात उभी होती. तिने किल्लीकडे पाहिलं, मग तोंड फिरवलं. ती रडत होती की धुक्याने तिचा चेहरा ओला होता, मी पुसायला गेले नाही.

दुपारी धुकं उठलं आणि रिनाच्या ऑफिसची मोठी बाई आली. मार्ता तिचं नाव, पोर्तुगालची. केस पांढरे, चालणं सावकाश. तिने बूट दारात काढले आणि पाळीवर जाऊन बसली. पाण्यावर बदकं उतरली. टिटवी ओरडून गेली. मी पाणी नेऊन दिलं. तेव्हा तिने रिनाकरवी विचारलं, इथे नेहमी असंच असतं का?

रिनाने मला विचारलं, पण माझ्याकडे न पाहता.

मी मान हलवली, नाही. गिरणीकडे बोट दाखवलं, हात गरगर फिरवून दाखवला, कानांवर हात ठेवले. मग आभाळाकडे बोट केलं, तिथे चंद्र अजून उगवायचा होता. मार्ता हसली. तिला काय कळलं कोण जाणे.

दिवस बुडाला. बोडी आधी तांबडी झाली, मग जांभळी, आणि पलीकडून चंद्र वर आला. माणसं तिपाई उचलायला आली होती. मी माईकजवळ गेले आणि दिवसातला माझा पहिला शब्द बोलले.

"पौर्णिमेला गिरणी बंद असते. उद्या सकाळी चालू होईल. रोज चालते. आणि आज गावही तपासणीच्या धाकाने गप्प होतं. हे लिहून घ्या."

रिनाने एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. मार्ताने मान डोलावली. हे टिपेत लिहू, म्हणाली. पण आकडा माईकने ऐकला तोच राहील. रिना त्यांच्याच गाडीने गेली. जाताना पायाला हात लावला.

अतुल मागे थांबला होता. "बाई, राग नका मानू, पण तुमची पौर्णिमा गावाले महाग पडली." मी राग मानला नाही. त्याने दोन वेळा धान दुसरीकडे नेलं, तिसऱ्यांदा परत माझ्याकडेच आणलं. त्यांच्याकडे कणी फार पडते म्हणे.

मोहाची फुलं पडून गेली, ऊन चढलं, तेव्हा निकाल कळला. जागा दुसरीकडे ठरली होती. आमची का गेली, याचं कारण अतुलने पंचायतीत वाचून दाखवलं: अत्यंत शांत परिसर.

"म्हणजे आवाजाच्या तपासणीत आपला पहिला नंबर आला?" ठमाबाईने विचारलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि अतुलनेही कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात रिनाचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. मी ठमाबाईचं धान भरडत होते.

"आई, मार्ताबाईनं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "गाव तुझं, तर दुसऱ्या दिवसाचा आकडा घ्यावा, असा वाद घालशील का म्हणून. मी घातला नाही. त्या दिवशी मोजलं ते मोजलं."

"बरं केलं."

"घरी यायचं राहिलं पण."

"ये ना. ट्रॅक कशाला पाहिजे त्याले?"

ती हसली बहुतेक. गिरणीच्या धडधडीत नीट कळलं नाही. मग म्हणाली, त्या दिवसाचं रेकॉर्डिंग तिने ठेवलं आहे. तिच्या खिडकीखाली मोठा रस्ता आहे. झोपताना ती ते कानाला लावते.

"काय ऐकू येते त्यात?"

"काहीच नाई. कोंबडा एकदा टोपल्याखालून ओरडते. टिटवी. तुझ्या चपला. सकाळी गिरणीतून तू एकदा—"

पुढचं ऐकू आलं नाही. मी खटका बंद केला. पट्टा हळूहळू थांबला, धूळ उजेडात तरंगत राहिली. अर्धं पोतं तसंच.

"अवो बाई, आज पौर्णिमा हाये काय?" ठमाबाई पोत्यावरून ओरडली.

"नाई," मी फोन कानाला घट्ट धरून म्हटलं. "रिना बोलून राह्यली."