लाल दोऱ्याच्या पिशव्या

रंगुबाईनं तिसऱ्यांदा मोजल्या. सीताफळाच्या गराच्या पिशव्या अकराच भरल्या. संक्रांतीला चौदा होत्या. चौदा म्हणजे चौदा, त्यात शंका नाही. बोटं बधिर झाली तशी तिनं हात पदरात गुंडाळले आणि डीप फ्रीझरचं झाकण पाडलं. घरात माणसं दोन, ती आणि आसाराम. मांजर कितीही लबाड असलं तरी झाकण उचलून, पिशवी काढून, झाकण पुन्हा लावून जाणार नाही.

जामखेडच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून आसारामनं हा फ्रीझर आणला, तेव्हा गाव हसलं होतं. ही दोघं म्हातारपणी बर्फ खाणार का, असं. पण बचत गटाच्या बायकांबरोबर रंगुबाई तालुक्याला चार दिवस प्रशिक्षणाला गेली होती आणि तिथलं शिक्षण तिच्या हाताला असं चिकटलं की विचारू नका. मटार दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, निथळून मग पिशवीत. टोमॅटोचा रस लिंबू पिळून बाटल्यांत भरायचा, पातेल्याच्या तळाला फडकं घालून बाटल्या चांगल्या उकळायच्या. गार होताना झाकण मधोमध टक्क करून आत बसलं की काम फत्ते. तो आवाज ऐकायला ती हातातलं काम टाकून थांबायची.

दर हंगामात काही पिशव्यांना ती लाल दोरा बांधायची. त्या सुकन्याच्या. तीन वर्षांपूर्वी लेकीनं पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा आसारामनं ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं की या घरातून तिला आता काही जाणार नाही आणि तिचं काही येणार नाही. शब्दाचा पक्का माणूस. गावात त्याचं तेच तर कौतुक. मोबाईल घरात एकच, तोही त्याच्या बंडीच्या खिशात. रंगुबाई लेकीशी बोलली नव्हती, पण तिचा वाटा काढून ठेवत होती. ती कधी येईल, येईल की नाही, याचा काही पत्ता नसताना. दोरा कशाचा हे त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

आणि कमी होत होत्या त्या नेमक्या याच पिशव्या.

बरं, घरातलं सगळंच कमी होतंय म्हणावं, तर साखरेचा डबा सरेना. दिवसाला चार चहा होऊनही जेवढा खाली जायला हवा तेवढा जात नव्हता. एकीकडचं आपोआप जातंय, दुसरीकडे आपोआप येतंय, असं कुठं असतं का? दुसऱ्या कुणाचं असतं तर रंगुबाई हसली असती. पण तिला आपली आई आठवली. ती शेवटी शेवटी अशीच झाली होती. जेवून उठायची आणि उपाशी आहे म्हणायची. एक दिवस तिनं रंगुबाईलाच विचारलं होतं, तू कुणाची गं?

शेवटी धीर करून तिनं नवऱ्याला सांगितलं. तो तुटलेला चपलेचा अंगठा शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "वय झालं आता. इसरायचंच."

त्या दिवसापासून ती भाजी दोनदा चाखायला लागली, मीठ घातलंय ना म्हणून. कडी लावलीय ना बघायला अर्ध्या वाटेतून परत यायची. बचत गटात हिशेबानं बोलायची, कारण तोंडातून भलतंच काही गेलं आणि बायकांनी एकमेकींकडे बघितलं तर काय करायचं? रोज सकाळी डोळे उघडल्यावर ती आधी आपल्या माणसांची नावं मनातल्या मनात म्हणायची. सुकन्याचं नाव पहिलं.

मग एका गुरुवारी आसाराम नात्यातल्या दहाव्याला गेलेला असताना पुण्याला भाजीचा टेम्पो नेणारा सूर्यभान दारात उभा राहिला. त्याच्या हातात थर्माकोलचा डबा होता.

"मामा न्हाईत व्हय? एरवी चौकात भेटत्यात. उद्या पुन्याची खेप हाय, ह्यो डबा घ्या मामी. बाटली हाय आत, जपून."

कसला डबा, तिनं विचारलं. मामी थट्टा करतेय असं वाटून तो हसला. वर्ष झालं, दर पंधरा दिवसांनी मामा माल देतो, आपण पुण्यात सुकन्याताईला पोचवतो, डबा परत आणतो, हे त्यानं जगाला ठाऊक असल्यासारखं सांगितलं.

"ताई दर खेपेला इचारती, आईनंच दिलं ना? मामांनी सांगून ठेवलंय, व्हय म्हनायचं. माजं नाव काडू नको म्हनले."

तो गेल्यावर रंगुबाईनं डबा उघडला. आतली टोमॅटोच्या रसाची बाटली तिचीच, तोंडाशी टवका उडालेली. धुऊन पुसून लख्ख केलेली, आणि तिच्यात चार मुठी साखर. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे लहानपणी शेजारणीचा ताकाचा तांब्या परत करताना तिनंच लेकीला शिकवलं होतं. वर्षभर नवरा बाटलीतली साखर गुपचूप डब्यात ओततोय आणि आपण लेकीच्या साखरेचा चहा पितोय, हे तिच्या ध्यानात आलं. नवऱ्याचा राग करावा की त्याला ओवाळावं, काही कळेना. लेकीच्या तोंडी घास जातो, तोही आईच्या नावानं, म्हणून ऊर भरून येत होता. आणि 'इसरायचंच' हा शब्द आठवला की अंगाची लाही होत होती. दोन्ही एकदम होत होतं.

दुपारी आसाराम आला. फ्रीझरच्या झाकणावर बाटली ठेवलेली होती. त्यानं ती बघितली, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मागं बोल्लो हुतो ना सगळ्यांम्होरं," तो म्हणाला. "मंग कसं सांगायचं?"

"तुमचा शब्द ऱ्हावा म्हनून माजं डोकं घालवलंत," रंगुबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला दुसरं काई नगं. येकदा तोंडानं म्हना, मी इसरत नव्हते."

आसारामनं दाराकडे बघितलं, खाली बघितलं. तीन वर्षांत गावातल्या कुणाला त्यानं आपलं चुकलं असं म्हटलेलं नव्हतं.

"न्हाई इसरत तू," तो म्हणाला. "मीच..."

पुढचं त्याला जमलं नाही आणि तिनं ओढून काढलं नाही. ती उठली, चहा ठेवला. साखर डब्यातली न घेता बाटलीतली घेतली. आपल्याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी कारखान्याची असायची, पुण्याला जाऊन आलेली. त्यानं कप संपवला आणि, एरवी कधी न विसळणारा माणूस, मोरीत नेऊन विसळला.

"उद्या चौकात मीबी येनार," ती म्हणाली. तो बरं म्हणाला.

मग तिनं फ्रीझर उघडला, लाल दोऱ्याच्या दोन पिशव्या बाजूला काढल्या, कोणत्या ते त्याला दाखवून पुन्हा वरच ठेवल्या. उरलेल्या नऊ. तिनं एकदाच मोजल्या.