जिंकलेला फळा पुसू नये

“ते पुसून टाका ना. एवढी एकच ओळ पुसा.”

हा आवाज नोबुएबाईंचा. तो मी ऐकला त्याला बावीस वर्षं झाली. बाई जाऊनही सात वर्षं झाली. पण माझ्या लाकडात तो अजून मुरलेला आहे. खडू पुसता येतो, मित्रांनो. आवाज पुसायचं फडकं कुठे मिळतं, मला ठाऊक नाही.

मी एक जुना फळा आहे. कुशिउरा नावाच्या बंदरगावात, मोरिवाकी यांच्या केस कापायच्या दुकानात, आरशासमोरच्या भिंतीवर मी चाळीस वर्षं टांगलेला आहे. कधीकाळी माझा रंग शेवाळासारखा हिरवा होता. आता तो कसला आहे, हे मलाही सांगवत नाही.

माझा जन्म शाळांचे फळे करणाऱ्या कारखान्यात झाला. पातळ लाकडाचे थर एकावर एक चिकटवले, वर हिरवा रंग दिला, वाळायला उन्हात उभं केलं. शेजारच्या फळ्यांशी माझं बोलणं व्हायचं. कुणाला पाढे लिहून घ्यायचे होते, कुणाला नकाशे. मला गाणी हवी होती. पण गाडीत चढवताना माझा डावा कोपरा आपटला आणि टवका उडाला. टवका उडालेला फळा शाळा घेत नाही. तो मोरिवाकींच्या बायकोने, नोबुएबाईंनी घेतला.

त्यांनी माझ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, “सोमवारी दुकान बंद.” ते माझ्यावरचं पहिलं अक्षर. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी बेसबॉलचा मोसम सुरू झाला आणि नवऱ्याने खडू हातात घेतला.

“अहो, तो गिऱ्हाइकांसाठी आणलाय,” बाई म्हणाल्या.

“मग गिऱ्हाइकंच वाचतील की,” मोरिवाकी म्हणाले.

कुशिउरा सारस हा आमच्या गावाचा संघ. मोरिवाकी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी माझ्यावर लिहीत. वरच्या भागात त्यांच्या मते आज कोणी कोणत्या क्रमाने बॅट हातात घ्यावी ते, आणि खाली एका ओळीत मॅनेजरला सल्ला. सारसांचं मैदान खाडीच्या पलीकडे होतं. मॅनेजरने हा फळा जन्मात पाहिला नाही. तरी मोरिवाकी त्याला रोज सल्ला देत आणि तो रोज ऐकत नाही म्हणून रोज चिडत.

दुकानात तेव्हा गर्दी असे. टॅक्सीवाले सागारा केस कापून झाले तरी उठत नसत.

“पहिल्याच डावात बंट?” सागारा म्हणत. “पहिला गडी बेसवर पोचला, की दुसऱ्याने बॅट आडवी धरायची, स्वतः बाद व्हायचं आणि त्याला पुढे सरकवायचं. पाहुण्याला वाढायचं नि आपण उपाशी निजायचं, असला हा खेळ.”

“एप्रिलमध्ये एकेक धाव अशीच जमवावी लागते,” मोरिवाकी कात्री चालवत म्हणत. “हात अजून थंड असतात. मोठा फटका मे महिन्यात मागायचा.”

“तुमच्या कात्रीलाही मेमध्येच धार येते का? कान जपा माझा.”

तिसरे उराबे. मासळीच्या लगद्याच्या नळ्या निखाऱ्यावर भाजून विकणारे, मोरिवाकींचे लहानपणचे मित्र. तेत्सुजी या नावाचं तेत्सु करून मोरिवाकींना एकेरीत हाक मारणारे गावात तेवढेच उरले आहेत. ते फारसं बोलत नसत. त्यांच्या अंगाला धुराचा वास असे, आणि तो वास दारातून आत आला की मला कळे, आज महिन्यातला तिसरा रविवार.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. सारस हरले की मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायचं. सारस जिंकले की पुसायचं नाही. पुढचा पराभव होईपर्यंत तेच अक्षर तसंच ठेवायचं. जिंकलेला फळा पुसला तर नशीब पुसलं जातं, असं सगळे मानत. सारस बहुधा हरत. त्यामुळे मी बहुधा स्वच्छ असे.

उराबेंचा मुलगा शुहेई सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा या दुकानात आला. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी ठेवून त्याला बसवलं होतं. कात्रीचा आवाज ऐकून रडला नाही, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “माझं नाव कधी लिहिणार?” सगळे हसले. सोळा वर्षांनी मोरिवाकींनी ते लिहिलं. शुहेई सारसांचा पिचर झाला होता. चेंडू टाकणारा, साऱ्या मैदानाची नजर ज्याच्या खांद्यावर असते तो. त्या दिवशी उराबेंनी एवढंच म्हटलं, “अक्षर जरा मोठं काढ, तेत्सु.”

त्यानंतर दोन वर्षांनी तो एप्रिल आला.

मोसमाच्या सुरुवातीलाच सारस जिंकू लागले. एक, दोन, तीन. असं कधी होत नसे. पहिल्या सामन्याच्या सकाळी मोरिवाकींनी माझ्या खालच्या ओळीत लिहिलं होतं, “शुहेईला शेवटपर्यंत टाकू द्या.” त्या दिवशी मॅनेजरने खरंच त्याला नवव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत टाकू दिलं. सारस जिंकले. ओळ राहिली. चार दिवसांनी पुन्हा शुहेई, पुन्हा नऊ डाव. सहा दिवस विश्रांती घेणारा मुलगा चौथ्या दिवशी चेंडू टाकत होता. मधले सामने दुसऱ्यांनी जिंकून दिले. सलग आठ विजय. दुकानात उभं राहायला जागा नसे. लोक मला हात लावून जात. अशी माया मला आधी कुणी दिली नव्हती, मित्रांनो, आणि मी भुललो, हे मान्य करतो.

सोमवारी सारसांचा खेळ नसतो आणि न्हाव्यांचंही दुकान बंद असतं. त्या सोमवारी शुहेई मागच्या दाराने आला. “काका, बंद आहे ठाऊक आहे. लोक नसताना केस कापून घ्यायचे होते.”

आमच्याकडे केस कापताना अंगावर घालायच्या कापडाला बाह्या असतात. मोरिवाकींनी ते समोर धरलं. शुहेईने डावा हात बाहीत घातला. उजवा वर आलाच नाही. मोरिवाकींनी कोपराखाली हात घालून तो उचलला आणि मुलाचं तोंड कागदासारखं पांढरं झालं. गरम पंचा द्यायला आलेल्या नोबुएबाई तिथेच थांबल्या.

शुहेई म्हणाला, “बाबांना सांगू नका. शनिवारी टाकायचं आहे.”

“दुखतंय किती?” बाईंनी विचारलं.

“काकू, आठ जिंकलोत.” मग आरशातून त्याने मला पाहिलं. आरशात माझी अक्षरं उलटी दिसतात, पण त्याला लहानपणापासून ती वाचायची सवय होती. “शेवटपर्यंत टाकू द्या,” तो वाचून हसला. “फळ्यानेच सांगितलंय म्हटल्यावर.”

तो गेल्यावर बाई ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तेव्हाच ते म्हणाल्या, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं.

“जिंकलेला फळा पुसत नाहीत,” मोरिवाकी म्हणाले.

“मग निदान उराबेंना सांगा.”

“त्याने सांगू नका म्हटलंय.”

“त्याने म्हटलंय. तो चोवीस वर्षांचा आहे. तुम्ही किती वर्षांचे आहात?”

मोरिवाकींनी बाईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं. जोर केला नाही. घडी घातली आणि टोपलीत ठेवलं. बाई मागे पंचे पिळायला गेल्या. काम करताना त्या बंदरावरचं एक जुनं गाणं गुणगुणत.

समुद्राला नाही ओझं, लाटेला नाही घाम,
दोर ज्याच्या खांद्यावर, त्याला ठावं काम.

त्या दिवशी पहिली ओळच ऐकू आली. दुसरी त्यांनी म्हटली नाही.

शनिवारी दुकान भरलेलं होतं, सगळे दूरचित्रवाणीसमोर. सातव्या डावात शुहेईने एक चेंडू टाकला आणि तो आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभा राहिला, दुसऱ्या कुणाचं तरी सामान सांभाळायला दिल्यासारखा. मुलाचा सामना म्हणून उराबे तिसऱ्या रविवारची वाट न बघता आले होते, तेव्हा याच खुर्चीत होते. अर्धे केस कापलेले, तसेच कापड काढून चालत गेले.

सारस हरले. मोरिवाकींनी मला पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा पुसायला काहीच उरलं नव्हतं.

शुहेईच्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा कधी मैदानावर उतरला नाही. आता वडिलांच्या दुकानात निखाऱ्यावर सळ्या फिरवतो, डाव्या हाताने. केस त्याची बायको घरीच कापते. उराबे मात्र तिसऱ्या रविवारी येत राहिले. दोघे मित्र बंटवर बोलले, पावसावर बोलले, गुडघ्यांवर बोलले. त्या खांद्यावर कधीच नाही.

आणि माझ्यावरची खालची ओळ बदलली. दरवर्षी, पहिल्या सामन्यापासून, एकच. “सहाव्या डावानंतर पिचर बदला.” सारस जिंकोत की हरोत, मोरिवाकी मला रोज रात्री पुसत आणि सकाळी तीच ओळ पुन्हा लिहीत. लोकांनी त्यांचं नाव ‘सहावे काका’ पाडलं.

“सहावे काका, आमचा पिचर एकही धाव न देता टाकतोय. तरी काढायचा?” सागारा विचारत.

“काढायचा.”

“का?”

“एप्रिल आहे. मोसम लांब आहे.”

“तुम्ही जिंकलेला फळा पुसता, म्हणूनच आपण शेवटून दुसरे आहोत.”

मोरिवाकी हसत नसत, चिडतही नसत. पूर्वी चिडायचे ते बरं होतं.

दिवस गेले. तरुण गिऱ्हाइकं खिशातल्या फोनच्या काचेवर सामने बघू लागली. माझ्या उजव्या अर्ध्या अंगावर कुणीतरी औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर अडकवलं. कडांमध्ये केसांचे बारीक तुकडे आणि खडूची भुकटी साठली. मोरिवाकींचा हात थरथरू लागला, माझ्यावरचं अक्षर वाकडं येऊ लागलं. मी थकलो आहे, मित्रांनो. लाकूडही थकतं. एकच ओळ बावीस वर्षं रोज वाहणं, हे पाढे वाहण्यापेक्षा जड असतं.

या वर्षी मोरिवाकींनी ठरवलं, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुकान कायमचं बंद. सारसांची सुरुवात नेहमीसारखीच होती. वीस सामने, सात विजय. फलंदाज गारठलेले, बेसवरचे गडी तिथेच खिळलेले. फक्त एकोणीस वर्षांचा एक नवा पिचर आला होता, आणि गावाचा जीव पुन्हा एका खांद्यावर जाऊन बसला होता.

मला कुठे ठेवतील, ठाऊक नाही. म्हणून जे मागायचं ते आताच मागून घेतो. मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्याला रोज स्वच्छ पुसा. त्याला पुसलं म्हणून काही अशुभ होत नाही. आम्ही पुसण्यासाठीच जन्मलो आहोत. आणि कुणाचा हात दुखताना दिसला तर ते फळ्यावर आडून आडून लिहीत बसू नका. तोंडाने सांगा. त्याच दिवशी सांगा. फळ्याला सगळं कळतं, पण त्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

शेवटच्या रविवारी दुपारी सागारा येऊन गेले, जाताना मला टिचकी मारून. शेवटचं गिऱ्हाईक उराबे. महिन्यात दुसऱ्यांदा आले होते, कापण्याजोगे केसही नव्हते. मोरिवाकींनी कापड समोर धरलं. उराबेंनी एक हात बाहीत घातला, मग दुसरा. वयामुळे दुसरा जरा अडकला. मोरिवाकींनी कोपराखाली हात घालून तो उचलला, आणि उचललेला तसाच धरून राहिले.

“सोड की,” उराबे म्हणाले. “एवढा काही म्हातारा नाही झालो.”

रेडिओवर सामना चालू होता. सारस एका धावेने पुढे, सातवा डाव, चेंडू अजून त्या नव्या मुलाच्याच हातात.

“काढला नाही त्याला,” उराबे म्हणाले. “तुझं ऐकत नाही बघ कुणी.”

“नाही ऐकत.”

“तेत्सु, आज तुझ्या दुकानाचा शेवटचा दिवस. आता तरी सांग. एवढी वर्षं सहा, सहा, सहा काय लावलंयस? पूर्वी तर तूच म्हणायचास, शेवटपर्यंत टाकू द्या.”

कात्री थांबली. न्हावी गिऱ्हाइकाशी नेहमी आरशातून बोलतो. चाळीस वर्षांत मी मोरिवाकींना तसंच बोलताना पाहिलं आहे. त्या दिवशी त्यांनी कात्री ठेवली, रेडिओ बंद केला आणि खुर्चीला वळसा घालून ते उराबेंच्या समोर येऊन उभे राहिले. आरसा त्यांच्या पाठीमागे गेला. मला त्यांचा चेहरा सरळ दिसला.

“शनिवारच्या आधी, सोमवारी, शुहेई इथे आला होता,” ते म्हणाले. “त्याचा हात बाहीत जात नव्हता. मी उचलून घातला. मला कळलं होतं, उराबे. नोबुए म्हणाली, त्यांना सांगा, निदान ती ओळ पुसा. आपण जिंकत होतो. मी तुला सांगितलं नाही. मी फळासुद्धा पुसला नाही.”