नेहमीचंच आणा

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, भाजलेल्या कोकरावर पुदिन्याची चटणी ओतता ओतता वॉल ट्रेथोवन यांनी जाहीर केलं, की यंदा नाताळच्या उन्हाळी सुट्टीत आपण गॅनेट हार्बरला सगळ्यांबरोबर येणार नाही. आपण जहाजाने फिरायला जाणार आहोत. बेरिलबरोबर.

बेरिल कोण हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी माहीत नसल्याचा चेहरा केला.

"म्हणजे येणारच नाही?" लॉरेल आत्याने विचारलं. वॉल हे तिचे वडील. विधुर बापाने प्रेमात पडावं याला तिची हरकत नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडू नये एवढंच तिचं म्हणणं.

"येणार ना. जहाज परत लागलं की थेट नऊ नंबरवर. माझी खुर्ची पाइनखाली मांडून ठेवा. बंदराकडे तोंड करून."

मग सगळ्यांनी काटे-सुऱ्या खाली ठेवल्या. कारण प्रश्न खुर्चीचा नव्हता, नऊ नंबरचा होता.

गॅनेट हार्बरच्या तंबूतळावर जागा पुष्कळ आहेत, पण नऊ नंबर एकच. पाइनची सावली, समोर धक्का, धक्क्याला लागलेल्या कोळ्यांच्या होड्या, आणि संडास वाऱ्याच्या उलट्या दिशेला. ट्रेथोवन मंडळी नातवंडांच्या जन्माच्या आधीपासून तिथे उतरत. ती जागा विकत मिळत नाही, वारशाने मिळत नाही. ती फक्त राखता येते. तळाची मालकीण डल्सी हॅनराहन हिचा नियम असा, की नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जागेवर छप्पर हवं, छपराखाली माणूस हवा आणि किटली उकळत हवी. तिन्हींतलं एक जरी कमी पडलं, तरी जागा प्रतीक्षेतल्या पहिल्या माणसाची. कायमची. आणि प्रतीक्षेत पहिला होता कूटामुंड्रा गावचा बर्नी कोवाल्ड. तो इतकी वर्षं संडासाशेजारच्या सत्तावीस नंबरवर राहत होता, की लोक त्याला टॉयलेट पेपर संपल्याचंही सांगत.

"यंदाचा बेत कोण करणार?" आत्या म्हणाली.

"मी," टॅमसिन म्हणाली.

टॅमसिन ही वॉल यांची नात. टेमोऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला होती. गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' हे उत्तर तिने आजवर दिलेलं नव्हतं. एकदा एकाला तिने चुकीचा पट्टा इतक्या खात्रीने विकला होता, की त्याने घरी जाऊन ट्रॅक्टर बदलला.

"जमेल ना पोरी?" वॉल यांनी विचारलं.

"आजोबा, सुट्टी आहे ती. आराम करायला चाललोय, लढाईला नाही. तुम्ही लोक उगाच ताण घेता. यंदा कुणालाही काहीही करावं लागणार नाही."

आणि तिने तसंच केलं. आत्याकडे दरवर्षी डिसेंबरात फोनाफोनी, रुसवेफुगवे आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये बीट घालावं की नाही यावर दोन रडारडी होत. टॅमसिनने सगळ्यांना एक ओळ पाठवली: 'नेहमीचंच आणा.' बेत संपला. सगळ्यांना तो इतका आवडला, की आत्याने नाताळच्या जेवणात उठून टॅमसिनचं कौतुक केलं आणि क्लाइव्ह काकांनी टाळ्या वाजवल्या. क्लाइव्ह काका म्हणजे आत्याचे यजमान. ते मुळात कमी बोलत आणि जेवल्यावर मुळीच बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेमोऱ्याचा गरम धुरळा मागे टाकून दोन गाड्या डोंगर उतरल्या. पुढच्या गाडीत टॅमसिन आणि तिचा भाऊ रिस. मागच्या गाडीत आत्या आणि काका, आणि त्यांच्या मागे ट्रेलरवर काकांची अॅल्युमिनियमची होडी. टॅमसिनचे आईबाबा गव्हाची कापणी आटपून नव्या वर्षाला येणार होते. साडेदहाला मंडळी नऊ नंबरवर पोचली. पाइन होता, बंदर होतं, सीगल ओरडत होते. टॅमसिनने चपला काढून गवतात पाय पसरले आणि म्हणाली, "बघितलंत? आराम."

मग गाड्या उघडल्या.

आत्याच्या गाडीतून बटाट्याच्या सॅलडची परात निघाली. बिटाची. रिसच्या मांडीवरून दुसरी निघाली. आईने आपल्या वाटची पुढे पाठवून दिली होती. तीही बटाट्याचीच, बीट नसलेली, वर चिठ्ठी: 'खरं सॅलड'. चार भल्यामोठ्या बर्फपेट्या निघाल्या. सॉसेज उलटायचे चिमटे सात निघाले. खुर्च्या निघाल्या, किटली निघाली, पत्ते निघाले.

"तंबू कुठाय?" रिस म्हणाला.

"काकांकडे," टॅमसिन म्हणाली.

"आमच्याकडे कसा असेल?" आत्या म्हणाली. "आम्ही होडी आणतो. तंबू तुम्ही आणता."

"आम्ही कधी आणला तंबू? आम्ही खुर्च्या आणतो."

"मग तंबू कोण आणतं?"

सगळे जागेकडे बघायला लागले. आजवर कधीही आलं, तरी तंबू तिथे असायचाच. आजोबा अंधारातच निघत आणि सगळ्यांच्या शेवटी परतत. गुंडाळलेला तंबू कुटुंबात कुणी बघितलाच नव्हता. रिस तर लहानपणी समजायचा, की तो तिथेच उगवतो.

"आजोबांना फोन कर," आत्या म्हणाली.

आजोबांचा फोन समुद्राच्या मध्यावर बंद होता. आजोबांच्या घराची किल्ली आत्याकडे होती, पण घर डोंगरापलीकडे टेमोऱ्यात होतं. गावातली दुकानं सुट्टीमुळे बंद.

"आजूबाजूला मागू या की," रिस म्हणाला, आणि शेजाऱ्यांकडे जाऊन तसाच परत आला. या तळावर नऊ नंबरच्या प्रतीक्षेत नाव नसलेला माणूस नव्हता. ताडपत्री मागितली, की जो तो आभाळाकडे बघून म्हणे, "पाऊस नाही यायचा रे, कशाला हवी?"

तेवढ्यात बर्नी कोवाल्ड आला. अर्धी चड्डी, कानटोपीसारखी खेचलेली उन्हाची टोपी, खांद्यावर हिरवी लांबलचक कॅनव्हासची पिशवी. ती त्याने नऊ नंबरच्या हद्दीला अगदी लागून टाकली आणि तिच्यावर बसला.

"काय मंडळी," तो म्हणाला. "वॉल नाही वाटतं?"

"जहाजावर आहेत," टॅमसिन म्हणाली. "पिशवीत काय आहे, बर्नीकाका?"

"तंबू."

"तुमचा तर सत्तावीसवर लागलाय."

"हा इथे लावायचा. बारा वाजल्यावर." त्याने घड्याळ मनगटावर सरळ केलं. "मी काही बोलत नाही हं. मी नुसता बसलोय. बसायला बंदी नाही."

"बसा की. आराम करा," टॅमसिन म्हणाली. "आम्हीही तेच करतोय."

आत्याने तिला बाजूला ओढलं. "टॅमसिन, अगं आजोबा परत येतील आणि इथे त्या बर्नीची विजार वाळत असेल! काय सांगणार आहेस त्यांना?"

टॅमसिनने चपला परत पायात घातल्या. आजोबांनी आजवर तिला दिलेली एकमेव जबाबदारी ही. पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असलं, की घाबरायचं नसतं. तिने आजूबाजूला बघितलं.

"काका, होडी उतरवा."

"आत्ता मासे?" क्लाइव्ह काका म्हणाले. त्यांचं त्या दिवसातलं हे पहिलं वाक्य.

"मासे नाही. छप्पर."

चार बर्फपेट्या चार कोपऱ्यांवर उभ्या केल्या. होडी उलटी करून चौघांनी वर चढवली. आत्याचा अंगठा चिरडला आणि तिने जे शब्द वापरले, ते ऐकून बर्नीने टोपी काढली. छप्पर झालं. उंची कमरेएवढी, रंग पत्र्याचा, आणि वर इंग्रजी मोठ्या अक्षरांत होडीचं नाव उलटं: 'लॉरेलची मनःशांती'.

"काका, आत शिरा."

काका शिरले आणि पाठीवर आडवे झाले. माणूस झाला.

राहिली किटली. किटली होती, पाणी होतं, पण शेगडी आजोबांची, म्हणजे तंबूबरोबर कुठेतरी. तळाची सार्वजनिक शेगडी दुसऱ्या टोकाला, आणि किटली उकळायला हवी ती नऊ नंबरवरच.

बारा वाजायला थोडा वेळ उरला होता. डल्सीबाई कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून शिट्टी पुसत होती.

टॅमसिनने किटली उचलली आणि सरळ बर्नीसमोर जाऊन उभी राहिली.

"बर्नीकाका, चहाला पाणी उकळून देता का?"

बर्नीचा चेहरा पडला. गॅनेट हार्बरच्या तळावर तुम्ही माणसाची जागा हिसकावू शकता, त्याचे चिमटे ढापू शकता, पण किटली घेऊन आलेल्याला नाही म्हणता येत नाही. मागे एकाने नाही म्हटलं होतं. त्याचं नाव कुणाला आठवत नाही, पण तो आता मेलबर्नला राहतो असं तिरस्काराने सांगतात.

"हा अन्याय आहे," बर्नी म्हणाला.

"दूध घालू का साखर?"

"दोन्ही." तो धुसफुसत सत्तावीसला गेला आणि आपली गॅसची शेगडी घेऊन आला. "आण ती किटली."

"शेगडी इकडे द्या, मी लावते."

"हात लावायचा नाही! या शेगडीला मी सोडून कुणी हात लावत नाही. मागे वॉलने लावला होता, तर भुवया गेल्या. माझ्या." आणि तो स्वतः वाकून, गुडघ्यांवर, होडीखाली शिरला, कारण बाहेर बंदराचं वारं सुटलं होतं आणि ज्योत टिकत नव्हती.

पाणी तापेपर्यंत माणसाने नुसतं बसायचं कसं? आत्याने पाहुणचार म्हणून बिटाच्या सॅलडची ताटली आत सरकवली. बर्नीने क्लाइव्ह काकांच्या पोटाला टेकून खायला सुरुवात केली. किटली सूं करू लागली, मग झाकण नाचू लागलं, आणि शिट्टी वाजली. ती डल्सीची.

डल्सीबाई आली, मागून तिचं म्हातारं कुत्रं आलं. तिने होडीभोवती एक फेरी मारली. मग वाकून आत बघितलं.

"छप्पर," ती म्हणाली. "म्हणजे, कोरडं आहे. ठीक. किटली उकळतेय. ठीक. इथे कोण राहतंय?"

"आम्ही," टॅमसिन म्हणाली.

"तू बाहेर आहेस. मी आतल्यांचं विचारतेय. हा कोण आडवा?"

"क्लाइव्ह काका."

डल्सीने त्यांना पायाने हलवलं. काका गाढ झोपले होते. "झोपलेला माणूस सांगू शकत नाही. जागं कोण आहे? बर्नी, तू?"

बर्नीच्या तोंडात बटाटा होता. त्याने तो गिळला आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजाडलं. "हो की. मी आहे आत. आणि शेगडी माझी आहे, डल्सी. उकळतंय ते माझ्या गॅसवर."

"हं," डल्सी म्हणाली.

आत्याने टॅमसिनचा दंड घट्ट धरला. आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर आली. कुत्रं खाली बसलं.

टॅमसिनने काउंटरवरचा आवाज काढला. "बर्नीकाका, अजून थोडं सॅलड?"

"दे ना. बीट जास्त घाल."

"डल्सीबाई," टॅमसिन म्हणाली, "स्वतःच्या जागेवर माणूस कधी 'दे ना' म्हणतो का? तो उठून घेतो."

डल्सीने बर्नीकडे बघितलं. मग त्याने पुढे केलेल्या ताटलीकडे बघितलं. हात मागे घ्यावा की नाही या विचारात तो अडकला होता, आणि तेवढ्यात आत्याने वाढलंसुद्धा.

"थँक्यू, लॉरेल," बर्नी सवयीने म्हणाला.

"झालं," डल्सी म्हणाली. "आभार मानतो तो पाहुणा. जागा ट्रेथोवनांची." आणि ती दहा नंबरकडे वळली. कुत्रं मात्र सॅलडपाशी थांबलं.

बर्नीने ताटली पुसून खाल्ली. मग रांगत बाहेर आला, गुडघे झटकले, ती हिरवी पिशवी ओढत आणली आणि टॅमसिनच्या पायाशी टाकली.

"घ्या."

"हे काय?"

"तंबू. तुमचा."

रिसने पिशवी उघडली. आतून ओळखीचं निळं कापड डोकावलं. आत्या मटकन होडीखालच्या एका बर्फपेटीच्या कडेवर बसली आणि लॉरेलची मनःशांती एका बाजूने कलली.

"हा तुमच्याकडे होता?" टॅमसिन म्हणाली.

"दरवर्षी मीच आणतो. वॉलच्या गाडीत जागा कुठे असते? बियर असते. मी इथे आणून पहाटे त्याच्या हवाली करतो आणि जाताना परत नेतो. यंदा वॉल नव्हता, म्हणून तंबू माझ्याकडेच राहिला."

"आणि सगळा वेळ त्याच्यावर बसून राहिलात? सांगायचं ना!"

"कुणी विचारलं?" बर्नी म्हणाला. "'पिशवीत काय आहे' एवढं विचारलंस, मी खरं सांगितलं. 'कुणाचा' असं विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही. मला फक्त जागा हवी होती."

टॅमसिनने थोडा विचार केला आणि तिचा चेहरा खुलला.

"म्हणजे माझा बेत बरोबरच होता. मी सगळ्यांना सांगितलं नेहमीचंच आणा. तुम्ही नेहमीचंच आणलंत."

"मला कुठे सांगितलंस?"

"ती एक छोटी चूक. पुढच्या वर्षी तुम्हालाही पाठवते."

तंबू कसा उभारायचा हे ट्रेथोवनांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो बर्नीलाच उभारावा लागला. वॉलला, त्याच्या वयाला आणि बेरिलला शिव्या देत त्याने खुंट्या ठोकल्या. क्लाइव्ह काकांना होडीखालून काढायला कुणी गेलं नाही. इतक्या आरामात ते गेल्या कित्येक सुट्ट्यांत दिसले नव्हते.

संध्याकाळी फोन वाजला. मागे बँडचा आवाज आणि बेरिलचं हसणं.

"जागा आहे ना?" आजोबांनी विचारलं.

"आहे."

"काही त्रास?"

"छे. नेहमीचंच."

फोन ठेवून तिने आजोबांची खुर्ची पाइनखाली नेली, बंदराकडे तोंड करून मांडली, तिचे चारही पाय गवतात नीट रोवले. वळून बघते तर बर्नी खुर्चीत बसलेला, हातात सॅलडची ताटली.

"बर्नीकाका, ही आजोबांची आहे."

"माहीत आहे," बर्नी म्हणाला. "तो येईपर्यंत गरम ठेवतोय. बीट दे ना अजून."