अण्णा इंग्रजीत प्रकटले

अपग्रेड महाराजांना आमच्या दुकानात कीबोर्डने बडवण्यात आलं आणि त्यात त्यांचे पुढचे दोन दात पडले. असं काहीही घडलेलं नाही. पोलिसांना आम्ही सगळ्यांनी एकमुखाने तसंच सांगितलंय. तेव्हा पुढचा मजकूर न घडलेला आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावा.

दुकान टायपिंग आणि छपाईचं. भर दुपारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं, शेजारी, शेजाऱ्यांची गिऱ्हाइकं, सगळे अण्णांना बघायला आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. ते मागच्या वर्षीच वारले होते, पण ती अडचण महाराजांनी दूर केली होती.

झालं असं की अण्णांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्याची सिस्टिम कंपनीने वाऱ्यावर सोडली, गिऱ्हाइकांच्या फायली उघडेनात. वहिनी म्हणाली, "नवी सिस्टिम टाकते. त्यात काय एवढं?" पण आत्याने महाराजांना आणलं. महाराजांनी मशीनच्या मागून-पुढून हात फिरवला, शाल लपेटून समोर बसले, डोळे मिटले, आणि पडद्यावर आपोआप मराठी अक्षरं उमटली: 'मी अण्णा. मी इथेच आहे.'

दादा ढसाढसा रडला.

मग अण्णा रोज लिहू लागले. हयातीत त्यांनी आमच्याशी एवढ्या गप्पा मारल्या नव्हत्या. हळूहळू सूर बदलला. 'दुकान महाराजांच्या नावे कर.' वहिनी त्याला आडवी आली, तशी लगेच पुढची ओळ: 'सून मला पुसायला निघाली आहे.'

"जुनी सिस्टिम म्हणजे जुना देह, बाळ," महाराज दादाला समजावत. "आत्मा नव्या देहात सुखरूप उतरवायचा तर नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही. पुसणारा हात आधी शांत करावा लागतो."

हात शांत करणं म्हणजे काय, ते त्या दुपारी कळलं. आमच्याकडे कागदांचे गठ्ठे कापायचा मोठा कटर आहे. गठ्ठा हलू नये म्हणून त्याला एक लोखंडी दाबपट्टी असते. शेजाऱ्यांनी वहिनीला धरून आणलं आणि दादाने तिचा हात त्या पट्टीखाली घालून चाक आवळलं. वर पातं उचललेलं, त्याचा दांडा आत्याच्या हातात. मी मध्ये पडलो, तर दादाने अशी एक ठेवून दिली की काहीतरी कटकन मोडलं. नाक माझंच होतं. शेजारच्या न्हाव्याने मला मागून धरलं आणि काळजीने म्हणाला, "डोकं वर ठेव रे, लग्नपत्रिकांवर रक्त सांडतंय."

"आता अण्णाच आज्ञा देतील," महाराज म्हणाले. इन्स्टॉल चालू होतं. टक्के चढत होते. नव्व्याण्णववर मशीन इतकं अडून बसलं की गर्दीतला एक जण बाहेर जाऊन फोनवर भांडून परत आला.

मग नवा पडदा उजळला. महाराजांनी डोळे मिटले, शाल हलली. अक्षरं उमटली, पण इंग्रजी. टी, आय, सी, एच, आय. पुढे बी, ओ, टी, ए.

"काय म्हणतोय रे आमचा अण्णा?" आत्याने विचारलं.

"'तिची बोटं'," न्हाव्याने अक्षरं जोडून वाचली. "पुढे 'तोडा' आहे."

"अगंबाई. जिवंतपणी एबीसीडी येत नव्हती त्याला."

"नवा देह, नवी विद्या," महाराज म्हणाले, पण आवाज जरा फाटला.

वहिनी हसली. पात्याखाली हात असलेलं माणूस हसलं की बघणाऱ्यांना घाम फुटतो.

"आत्याबाई, दांडा घट्ट धरा आणि ऐका," ती म्हणाली. "अण्णा जुन्या टाइपरायटरवर शिकलेले. त्यांच्या बोटांना 'त' जिथे माहीत होता, तिथे इंग्रजी टी नसतोच. टी दाबून 'त' काढतो तो दुसराच कुणीतरी. जुन्या सिस्टिमला टीचा 'त' करून द्यायचीही सोय होती. नव्या सिस्टिममध्ये ती अजून कुणी घातलेली नाही, म्हणून कळ दाबली तशी उमटतेय. अण्णा असते तर आत्ता पडद्यावर निव्वळ कचरा दिसला असता."

न्हावी पडद्यावरची अक्षरं पुन्हा जुळवून बघू लागला.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "महाराजांचे हात कुठे आहेत?"

न्हाव्याची पकड सैल झाली होती. मी शाल ओढली. महाराजांच्या मांडीवर बिनवायरचा छोटा कीबोर्ड होता. त्याचा नखाएवढा रिसिव्हर मशीनच्या पाठीला खोचलेला सापडला. पहिल्या दिवशी हात फिरवला होता, तो तेवढ्यासाठी.

"हे माझं ध्यानाचं साधन आहे," महाराज म्हणाले.

दादाने तेच साधन उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. कीबोर्ड चालूच होता, त्यामुळे प्रत्येक फटक्याला अण्णा पडद्यावर काहीतरी म्हणत होते. गालावर एल एल के, कानशिलावर पी, दातांवर सलग एंटर. मघाशी वहिनीला धरून आणणारेच आता महाराजांना लाथा घालत होते, अगदी त्याच भक्तिभावाने. आत्यालाही राहवेना. ती चप्पल काढायला वाकली आणि दांडा सुटला.

वहिनीने बोटं आखडली. करंगळी तेवढी मागे राहिली.

तिची किंकाळी ऐकून लाथा थांबल्या. करंगळीचं टोक कटरच्या पलीकडे, कात्रणांत पडलं होतं. दादा रक्ताळलेला कीबोर्ड घेऊन तसाच उभा. चाक फिरवून पट्टी मी सोडवली.

"हे आधी करायचं होतं," हात पदरात गुंडाळत वहिनी म्हणाली. "त्याला काय, नंतरही मारता आलं असतं. नसतं मारलं तरी चाललं असतं."

टोक काही जोडता आलं नाही. टाके घालून आल्यावर तिने उरलेल्या बोटांनी मशीनवर मराठी बसवली. दादा तिच्या शेजारी उभा होता. तिने त्याला बस म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.

म्हणून सांगतो. यंत्रातून मेलेलं माणूस बोलू लागलं, तर आधी जवळपासच्या जिवंत माणसांचे हात बघा. आणि लबाडी उघडी पडली की लबाडावर धावून जाण्याआधी, ज्याच्यावर पातं धरलंय त्याला सोडवा. काठी तीच ठेवून नुसती पाठ बदलली, तर त्याला विवेक म्हणत नाहीत.

सबब विनंती की, संबंधित खात्याने यापुढे कोणत्याही आत्म्यास प्रकट होण्याची परवानगी देण्यापूर्वी त्याची मराठी टंकलेखन परीक्षा घ्यावी, वेग मिनिटास किमान तीस शब्द, आणि अनुत्तीर्ण आत्म्यास कारणे दाखवा नोटीस बजावून मूळ ठिकाणी परत पाठवावे.