भात लागलेलं गाणं

खरे गाणे काळावर मात करते. राज्ये जातात, राजे जातात, गाणे मागे उरते. रानशेतच्या लाहूकडचे गाणे मात्र मागच्या वैशाखात उंदराने खाल्ले.

सगळे खाल्ले नाही, मधलेच खाल्ले. पत्र्याच्या पेटीत शेजारीच तांदळाची पिशवी होती. ती सोडून उंदीर कॅसेटकडे वळला, यावरून त्या गाण्याच्या लोकप्रियतेची कल्पना यावी.

मला हे कळले ते असे. सकाळच्या बसने लाहू बोर्डीला उतरला, माझ्या ओटीवर येऊन बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आप्पा, उंदरानं बुधी खाल्ली."

बुधी म्हणजे त्याची बायको. ती जाऊन सहा-सात पावसाळे झाले होते. मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्याकडचे उंदीर मोठे असतात हे खरे, पण तरीही.

"बुधी?"

"कॅसेट हो. बुधीची."

मग माझ्या लक्षात आले. आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात ते गाणे माहीत नाही असा माणूस एकतर तान्हा असेल, नाहीतर बदली होऊन आलेला साहेब. पण तुम्ही दोन्ही नसाल, म्हणून सांगतो.

लाहूने सारी उमर माझ्या घरामागच्या चिकूच्या वाडीत मजुरी करण्यात काढली. तरुण असताना त्याने वापीला जाऊन एक टेपरेकॉर्डर आणला. पाड्यावरचा पहिलाच. लगेच धाकट्या भावाचे लग्न आले. हळदीला बायका फेर धरून गाऊ लागल्या तेव्हा लाहूने तो डबा मांडवाच्या मधोमध पाटावर ठेवला आणि लाल बटण दाबले. लाहूची बहीण रखमी हिला त्या दिवशी भाताच्या तोपाजवळ बसवले होते. पण डब्यात आवाज जातो आणि परत बाहेर येतो म्हटल्यावर भात कोण सांभाळणार? रखमी आली, फेरात शिरली आणि गाणे तिनेच धरले. काय आवाज होता. 

*आंबा मोहरला गं, मांडव भरला गं,*
*नवरी आमची लाजते, नवरा कुठं हरला गं.*

दुसऱ्या कडव्याला घरामागून बुधी ओरडली. तिचे लग्न होऊन वर्षच झाले होते, पण आवाज मात्र जुन्या सासूचा. "रखमेऽऽ, भात लागला." रखमे लांब, भात लागला आखूड. कॅसेटमध्ये पुढे एक कोंबडा ओरडतो, कोणीतरी फिसकन हसते, पळणारी पावले ऐकू येतात, तोपावरचे झाकण आपटते. बायका तेवढा वेळ नुसत्या टाळ्या वाजवतात. मग रखमी धापा टाकत येते आणि गाणे पुढे जाते.

ती कॅसेट लाहूने तलासरीच्या चिमणभाईंना ऐकायला दिली. चिमणभाईंचा मांडवाचा आणि भोंग्याचा धंदा. त्यांनी त्या कॅसेटच्या नकला काढल्या आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक लग्नात भोंग्यावर तेच गाणे वाजले. भोंग्यावर जे वाजते ते खरे, असा आमच्याकडे नियम आहे. त्यामुळे मुली गाणे शिकल्या त्या भातासकट शिकल्या. आजही कुठल्याही पाड्यावर हळदीला हे गाणे लागले की दुसऱ्या कडव्याला सगळ्या बायका थांबतात, एका सुरात "रखमेऽऽ, भात लागला" म्हणतात, गाणे धरणारी फेर सोडून चुलीकडे पळते, झाकण उचलून आपटते आणि परत येते. हौशी पाडा असेल तर कोंबड्याचाही आवाज कोणी काढतो. एकदा शहरातून एक अभ्यासू बाई आल्या होत्या. हा भूमातेच्या पूजनाचा प्राचीन अवशेष असल्याचे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. आम्ही मान डोलावली. पाहुण्यांचा मान ठेवावा लागतो.

"तुमचा मिथुन मोबाईलमध्ये घेणार होता ना ते?" मी विचारले. मिथुन म्हणजे लाहूचा मुलगा.

"घेतलं. उंदराच्या आधीच घेतलं. तलासरीला एकाकडून साफ करून आणलं. साफ झाल्यावर जुनं काढून टाकलं." लाहूने मोबाईल काढून माझ्या कानाला लावला.

गाणे साफ झाले होते, यात वाद नाही. खरखर नाही, कोंबडा नाही, हसणे नाही, पावले नाहीत, झाकण नाही. बुधी नाही. रखमी एका दमात पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्याला पोचत होती, जशी काही तिला पुढची गाडी पकडायची होती.

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"चांगलंच झालंय," लाहू म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नातलं वाटतं."

त्याने मोबाईल परत खिशात घातला. मग म्हणाला, "फोटो हाय तिचा. आधार कार्डावरचा. त्याच्यात ती माझ्यावर संशय घेतल्यासारखी बघते. आवाज तेवढाच होता, आप्पा. रोज ऐकायचो. मिथुन बोलायचा, बापू, कंटाळा कसा नाय येत? आता कंटाळा काय यायचा? ती रोज नवीनच ओरडल्यासारखी वाटायची." आणि मुद्द्यावर आला. "पुढच्या आठवड्यात मिथुनच्या शितलची हळद हाय. नातीच्या हळदीला आजी पायजे. चिमणभाईकडं जुनी नक्कल असंल. तुम्ही येता?"

मी निवृत्त माणूस. मला कुठेही बोलावले तरी चालते.

चिमणभाई तलासरीत अजूनही आपल्या जुन्या दुकानातच बसतात, फक्त भोंग्यांच्या जागी आता प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी आहे. आम्हाला बघून त्यांनी वरच्या दोन काढून दिल्या.

"अरे लाहूभाय, तुझी कॅसेट म्हणजे तर माझी लक्ष्मी. किती वाजवली ती. लोक बोलायचे, चिमणभाय, गाणं नाय वाजवलं तरी चालंल, भात वाजव."

"हाय ना एखादी?"

"आता कुठून? ज्या होत्या त्या सगळ्या बोर्डीच्या वाडीवाल्याला दिल्या. चिकूच्या झाडांना पट्टी बांधायला. ती चमकते, वाऱ्यावर वाजते, पाखरं येत नाय, वटवाघळं येत नाय. फस्ट क्लास."

लाहूने हळूच विचारले, "कुठल्या वाडीवाल्याला?"

चिमणभाईंनी नाव सांगितले.  वाडी माझ्या घरामागचीच होती. आणि पट्ट्या बांधायला झाडावर कोण चढले असेल, हे विचारायची मला गरज नव्हती.

"बिना डब्याच्या होत्या हो," लाहू परतीच्या वाटेवर म्हणाला. "नुसतं भेंडोळं दिलं होतं मालकानं. मला काय ठावं? मी आपला बांधत गेलो. चांगली घट्ट बांधली."

संध्याकाळी आम्ही वाडीत गेलो. बहुतेक पट्ट्या पावसात गेल्या होत्या. एका झाडावर मात्र हातभर तुकडा उरला होता, करडा पडलेला. खाडीवरून वारा आला की तो थरथरायचा आणि बारीक आवाज काढायचा. लाहू झाडाखाली उभा राहिला, कानामागे हात धरून.

"येतं काही ऐकू?"

"येतं," लाहू म्हणाला. "पण चाल वेगळी हाय."

आता उरली रखमी. ती विवळवेढ्याला देवीच्या वाटेवर नारळ विकते. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती की नारळ हलवून बघू नका, हलवून माणूस कळत नाय तर नारळ काय कळणार. लाहूने तिला उंदराची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या उंदराला नारळ वाढवते मी."

"रखमे."

"काय रखमे? गाणं मी बोलली. आक्खं मी बोलली. नाव कशाचं झालं? भाताचं. लग्न होऊन सासरी गेली तर सासूनं वर्षभर तोपाला हात लावू दिला नाय. बोलायची, तुझा भात आम्ही भोंग्यावर ऐकलाय. पोरं झाली, त्यांच्या शाळेतली पोरं त्यांना बोलायची, तुमची आई ती भातवाली? अजून कुठल्या मांडवात गेली की बायका ओरडतात आणि माझ्याकडं बघून हसतात. दुसरं कडवं आलं की मी उठून जाते. आणि एक सांगू, दादा? भात लागलाच नव्हता. जरा तळाला धरला होता. तुझ्या बायकोला उगाच घाई."

"लागला होता," लाहू म्हणाला. "तळाची करपलेली खरवड मी खाल्ली ना. पंगती उठल्यावर आम्हा दोघांना तेवढीच उरली होती. एका ताटात बसलो."

"मग तुझं भलं झालं. माझं काय झालं?"

लाहूने एक नारळ उचलला, हलवून बघितला आणि खाली ठेवला.  उठताना लाहूने फक्त एवढेच म्हटले, "हळदीला ये."

"माझ्या भाच्याची पोर हाय ती. येणारच. पण त्या गाण्याच्या आधी जेवून निघणार."

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, चिमणभाईंच्या खुर्च्या होत्या, मिथुनने आणलेले माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते. घरामागे दगडांच्या चुलीवर भाताचा तोप चढला होता. शितल हळदीने माखून पाटावर बसली होती आणि डाव्या हातातला मोबाईल बघत होती. रखमी एका खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. जेवण अजून झालेले नव्हते, त्यामुळे अडकली होती. लाहू माझ्या शेजारी, नवीन सदरा घातलेला.

मिथुनने गाणे लावले. मुलगा वाईट नाही. त्याला खरेच वाटत होते की आपण बापाला भेट देतोय. "एकदम क्लीन," त्याने मला येऊन सांगितले.

बायकांनी फेर धरला. पहिले कडवे छान झाले. दुसऱ्या कडव्याला सवयीने सगळ्या थांबल्या आणि गाणे थांबलेच नाही. ते पुढे गेले. अर्ध्या बायका थबकल्या, अर्ध्या पुढे ढकलल्या गेल्या, कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडला, संगिता नावाची जी पुढे होती ती चुलीकडे पळून परत आली तोवर स्पीकरवर तिसरे कडवे संपले होते. असा फेर मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. सरकारी कवायतीत पाहिला होता, पण तिथे गाणे नसते.

बायजी म्हणून पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई आहे. ती फेरातून बाहेर आली, स्पीकरपुढे उभी राहिली आणि मिथुनला म्हणाली, "बंद कर रं बाबा. ह्या गाण्यात भात नाय."

मिथुनने बापाकडे पाहिले. लाहू जमिनीकडे बघत होता. मिथुनने बंद केले.

मग बायकांनी आपणच सुरू केले. आंबा मोहरला, मांडव भरला. संगिताने धरले, बाकीच्यांनी उचलले. फेर जागेवर आला. दुसरे कडवे आले, सगळ्या थांबल्या, टाळ्या सुरू झाल्या, आणि कोणीच ओरडले नाही.

टाळ्या चालूच राहिल्या. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इतर कुठल्याही मांडवात त्या छप्पर उडेल इतक्या ओरडल्या असत्या. पण हे बुधीचे अंगण. घरामागे बुधीची चूल. समोर लाहू बसलेला. तिच्या दारात तिचे बोलणे बोलायचे कोणी? संगिताने तोंड उघडले आणि मिटले. 

"रखमेऽऽ, भात लागला."

मी दचकून घराकडे पाहिले. मीच नाही, सगळ्यांनी पाहिले. बायजीने तर हात जोडले. तोच आवाज. रखमे लांब, भात लागला आखूड, आणि मध्ये ती बारीकशी चीड, जिच्यात खरा राग पावशेर आणि हक्क शेरभर.

घरामागे कोणी नव्हते. खुर्चीत रखमी होती. तिने पदराने तोंड पुसले.

"काय बघता?" ती म्हणाली. "जन्मभर ऐकलंय. तिच्याशिवाय असं कोण ओरडलं होतं मला?"

फिसकन कोणीतरी हसले. त्याबरोबर टाळ्यांना जोर आला. संगिता चुलीकडे पळायला निघाली, तर रखमीने हाताने तिला थांबवले. "तू ऱ्हा. नाव माझं घेतलंय." गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली आणि लंगडत, पण घाईने, घरामागे गेली. बायका टाळ्या वाजवत वाट बघत राहिल्या. कॅसेटमध्ये ती लवकर यायची. आता वेळ लागणार होता. कोणालाही घाई नव्हती. झाकण आपटल्याचा आवाज आला.

मी लाहूकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते आणि ओठ हलत होते. अशा वेळी माणूस काहीतरी मोठे बोलून जातो, असा माझा अनुभव आहे. मी माझा बरा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"आप्पा," तो म्हणाला, "जरा मागं जाऊन तिला सांगा. लागला असंल तर खरवड माझी."