आपोआप

मास्तरांनी लेन्सचं झाकण काढलं, ती नाकाशी धरली आणि हुंगली.

"प्लॅस्टिक," ते म्हणाले. "नव्या बादलीचा वास येतोय."

सुनेने झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं. काउंटरवर दोन डबे उघडे पडले होते आणि दोन्हींत पन्नासची लेन्स होती; माणसाच्या नजरेला जेवढं दिसतं साधारण तेवढंच दाखवणारी, पोर्ट्रेटच्या स्टुडिओला रोज लागणारी. एक धातूची, हाताला जड, मॅन्युअल. तिची रिंग आपल्या बोटांनी फिरवायची तेव्हा चेहरा स्वच्छ व्हायचा. दुसरी ही बादली. तिला फोकस करायला माणूस लागतच नव्हता. दुकानदाराने दोन्ही दोन दिवस वापरून बघायला दिल्या होत्या आणि आज संध्याकाळी त्यातली एक परत न्यायला त्याचा माणूस येणार होता.

ही वेळ आली ती काचेत धरलेल्या बुरशीमुळे. मास्तरांची चाळीस वर्षांची लेन्स दुरुस्तीवाल्याने उजेडाकडे धरली, आतून बाहेरून बघितली आणि डॉक्टर जवळच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात काय ते सांगितलं. त्यानंतर दोन दिवस मास्तर जेवले, पण मीठ कमी आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. बायकोला त्याचीच काळजी वाटली.

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला ताठ बसवताना त्यांचा आवाज तसा व्हायचा. मुलाला कॅमेऱ्याची गोडी नव्हती. त्या बाबतीत तो आजोळवर गेला होता. सुनेला मात्र होती, आणि तीन वर्षांत तिने स्टुडिओचं बरंच काही बदललं होतं. कॅमेरा नवा आणला. कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, म्हणजे समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला आपण कसे दिसतोय ते बसल्या बसल्या कळावं. मास्तर त्या टीव्हीकडे तत्त्व म्हणून पाठ करून उभे राहत. स्वतःलाच बघायचं तर घरी आरसा नाही का, असं त्यांचं म्हणणं.

लेन्सचा वाद खरं तर लेन्सचा नव्हता. सोमवारपासून कॉलेजच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो काढायचे होते, एकशेचाळीस माणसं, दोन दिवसांत. सुनेने सरळ सांगितलं होतं की मॅन्युअलवर ते होणार नाही. ऑटोफोकस घेऊ, फोटो मी काढीन, बाबांनी काउंटर बघावं. काउंटर बघणं म्हणजे फोटो कात्रीने कापून पाकिटात भरणं, जे काम आजवर मास्तरांची बायको करत आली होती. वर ती अगदी मायेने म्हणाली होती,

"बाबा, आता जरा आराम करा."

आराम हा शब्द मास्तरांच्या घराण्यात फक्त तापात वापरत.

तेव्हापासून त्यांचा पारा उतरला नव्हता. त्यातून दुकानदाराने 'काका, ही डोळा आपोआप पकडते' असं सांगितलं होतं आणि त्या 'आपोआप'ने आगीत तेल ओतलं होतं. आपोआप काय होतं, असं मास्तर भेटेल त्याला विचारत होते. बँकेच्या फोनवर बाई आपोआप बोलते आणि माणूस अर्धा तास एक दाबा, दोन दाबा करत बसतो. नळ आपोआप सुरू होतो, पण फक्त दुसऱ्याच्या हाताला. जगात आपोआप होणारी एकच गोष्ट म्हणजे बुरशी. काल याच लेन्सने एका गिऱ्हाइकाचा फोटो काढला तर त्याच्या शर्टावर वाघाचं तोंड छापलेलं होतं. यंत्राने जाऊन वाघाचा डोळा पकडला. वाघ मिशीसकट स्वच्छ, गिऱ्हाईक धुक्यात. मास्तरांनी तो फोटो मोठा छापून काउंटरवर लावला होता.

शेवटी सूनच म्हणाली, दोघंही एकेक फोटो काढू, आई सांगतील कुठला चांगला. तेवढ्यात समोरचा शिंपी आला, त्याला संघटनेच्या कार्डासाठी फोटो हवाच होता. त्याला चाकांच्या स्टुलावर बसवलं. मास्तरांच्या बायकोला पंच म्हणून काउंटरमागे बसवलं आणि उठायचं नाही असं बजावलं.

सुनेने बादली लावली. कुठेतरी मुंगी शिंकावी तसा आवाज आला आणि फोटो निघाला.

"काढला?" शिंपी म्हणाला. "मी अजून तोंड मिटत होतो."

मास्तर खूश झाले. पण कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला तर शिंप्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. तोंड उघडं होतं, पण उघडं तोंडही अगदी स्वच्छ आलं होतं.

मग मास्तरांनी धातूची लेन्स चढवली. पाय रोवले, कोपर पोटाशी घेतलं, श्वास धरला. रिंग पुढे नेली, मागे आणली, पुन्हा केसभर पुढे. शिंप्याने तोवर दोनदा आवंढा गिळला. फोटो निघाला. कानावरचे केस आणि कॉलरची शिवण लखलखीत. डोळ्यांच्या जागी नुसतं वाफाळलेलं काही.

"कॉलर झकास आलीय," शिंपी म्हणाला. "मीच शिवलीय."

मास्तर म्हणाले, तू हललास. शिंपी म्हणाला, मी दिवसभर एका जागी बसूनच पोट भरतो. मास्तरांनी पुन्हा काढला, आणि पुन्हा कॉलरच आली. सून खिडकीतून बाहेर बघायला लागली. ती हसत नव्हती, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं. यंत्राने हरवणं वेगळं आणि कुणी आपल्यासाठी खिडकीबाहेर बघणं वेगळं.

बायको काउंटरमागून उठली.

"तुला उठू नको म्हटलंय ना?"

"कॉलर मुडपलीय त्यांची," ती म्हणाली. शिंप्याच्या मागे जाऊन तिने कॉलर सारखी केली आणि तिथेच जरा थांबली. स्टुलाचं चाक करकरलं. मास्तरांनी बटण दाबलं.

या वेळी डोळे आले. दोन्ही, बुबुळातल्या खिडकीसकट.

"बघ," मास्तर सुनेला म्हणाले. छाती दोन बोटं वर आली. "यंत्राला शिकवावं लागतं, कुठे बघ आणि कुठे नको. माझा हात बरोबर जागी आला की आपोआप थांबतो."

शब्द निसटून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण शिंप्याने तोवर तो उचलला होता.

"आपोआप कसला, मास्तर? वहिनींनी स्टूल सरकवलं ना. पायाने. पाऊण इंच मागे." शिंप्याला इंचाचं खोटं बोलता येत नसे. "टीव्हीत बघत बघत सरकवतात. मागे पासपोर्टच्या वेळीही सरकवलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडे पद्धतच आहे."

मास्तर सावकाश मागे वळले. भिंतीवर शिंप्याचा केवढा तरी चेहरा होता, डोळे अगदी स्वच्छ, आणि तो जरा घाबरलेला दिसत होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"टीव्ही आल्यापासून," बायको म्हणाली.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तुम्हाला दिसत होतं."

यानंतर मास्तर जे बोलले त्यात 'लबाडी' हा शब्द चारदा आला आणि 'माझ्या पाठीमागे' सहादा. स्वतःच्या स्टुडिओत माणसाला फसवलं जातं, आणि तेही लाथेने. तीन वर्षं गिऱ्हाइकं हसत असतील. शिंप्याने आपण हसलो नाही असं मध्येच सांगून पाहिलं. बायको ऐकत उभी होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अजून स्टुलाच्या चाकापाशी. तिने एकही गोष्ट नाकारली नाही, त्यामुळे मास्तरांना भांडण पुढे नेता येईना.

सुनेने मग समजुतीचा सूर लावला. म्हणूनच तर ऑटोफोकस घ्यायची, ती म्हणाली. बाबांनी काउंटरवर बसायचंही कारण नाही. त्यांनी कॅमेऱ्यामागेच उभं राहावं, नुसतं बटण दाबावं, चेहरा आपला आपण स्वच्छ येईल. निम्मे फोटो त्यांनी काढावेत, निम्मे मी काढीन.

एवढं सोपं असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. राग ठेवायला जागाच उरली नाही म्हणून तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"आणि मी?" बायको म्हणाली.

"आई, तुम्हाला आता उठायलाच नको. तुम्ही आराम करा."

बायकोने खाली बघितलं. चाकापाशी असलेला पाय तिने हळूच मागे घेतला आणि चप्पल शोधायला लागली. चप्पल समोरच होती, तरी तिला ती सापडायला वेळ लागला. मास्तरांनी ते पाहिलं. एवढं त्यांना चष्म्याशिवायही दिसत होतं.

दाराशी दुकानदाराचा माणूस येऊन उभा राहिला. कुठली परत न्यायची, त्याने विचारलं. सुनेने मास्तरांकडे बघितलं.

"मला काय विचारतेस?" मास्तर खेकसले. "तिला विचार. आरामाची पाळी आता तिच्यावर आलीय."

लेन्स निवडायला त्या बाईला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने आधी धातूची उचलली, मग प्लॅस्टिकची. भाजी निवडावी तशी उलटीपालटी करून पाहिली. प्लॅस्टिकच्या लेन्सच्या कडेला एक बारीक खटका होता, त्यावर तिने नख ठेवलं.

"हे काय गं?"

"त्याने ऑटो बंद होतं, आई. मग रिंग हातानेच फिरवायची."

"ही ठेवू," ती म्हणाली. "तू काढशील तेव्हा तू चालू कर."

धातूची लेन्स डब्यात घालून माणूस निघून गेला. मास्तरांनी कुरकुर केली की हिची रिंग बाटलीच्या झाकणासारखी सैल आहे, हिला कुठे थांबायचं ते कळत नाही. पण लेन्स कॅमेऱ्यावर त्यांनीच चढवली. शिंपी म्हणाला, एवढं सगळं झालं, पण माझ्या कार्डाचा फोटो यातला कुठला धरायचा?

"नवा काढू," मास्तर म्हणाले. "ताठ बस."

बायकोने कॅमेऱ्याशी येऊन ऑटोचा खटका नखाने बंद केला आणि ती शिंप्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मास्तरांनी डोळा लावला. रिंग थोडी पुढे नेली, थोडी मागे आणली. मग रिंगवरचा हात काढून घेतला आणि ते वाट बघत उभे राहिले.